डावरं खुरपं

झाडं विकायला बसलेली बाई गिऱ्हाइकाला झाड विकत नाही म्हणते, हा प्रकार मी गेवराईच्या आठवडी बाजारात पहिल्यांदा पाहिला आणि ते गिऱ्हाईक मीच होतो. जास्वंदीचं एक रोप मागितलं होतं, बाकी काही नाही. बाईनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पिशवीकडं. पिशवीतून हिरव्या मुठींच्या अवजारांचा खोका डोकावत होता. कुरिअरवाल्याकडून नुकताच सोडवून आणला होता.

"घर कोन्या तोंडाचं हाय?" तिनं विचारलं.

"पश्चिमेच्या."

"झाड ठिवनार कुठं?"

"व्हरांड्यात."

"पानी कोन घालनार?"

"मी."

"मग न्हाई देत. मारताल तुमी."

आता मला सांगा, तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसानं भर बाजारात हे ऐकून घ्यायचं? मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "शिकिवलं आसंल की. झाडाला कुठं ठावं हाय ते?" शेजारचा लसूणवाला फिदीफिदी हसला. मी पुढं केलेली नोट तिनं मला परत दिली, तीही डाव्या हातानं. आमच्या घरात डाव्या हातानं कुणाला काही द्यायचं नाही, कुणाकडून घ्यायचं नाही, हे आम्हाला चालायला लागण्याआधी शिकवलेलं. माझं डोकंच फिरलं. वळून निघालो, तर मागून हाक आली, "ओ सर, उंद्या येते. जागा बगते, मग देते." मुलीचं स्थळ बघायला यावं तशी ही बाई जास्वंदीसाठी माझं घर बघायला येणार होती.

तिचं नाव सोजरबाई. चकलांब्याहून जीपनं यायची. जन्म खुरपणीत गेलेला, त्यानंतर काही वर्षं सरकारी रोपवाटिकेत पिशव्या भरल्या आणि आता स्वतःच रोपं करून विकत होती. उंच, काटक, बोलायला फटकळ. उजवा हात कायम पदराच्या टोकात गुंडाळून कमरेशी धरलेला. मला वाटायचं, काय हा तोरा! एखादी पाटलीणबाईसुद्धा इतक्या ऐटीत उभी राहत नसेल.

मला झाडांची हौस आली होती असं मुळीच समजू नका. घरात अडचणच तशी होती. माझी बायको विमल जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. तिच्या फळ्यावरच्या अक्षराकडं बघून इन्स्पेक्टर साहेब दोन मिनिटं उभे राहायचे. निवृत्तीनंतर दुसऱ्याच हिवाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय हळूहळू काठीच्या आधारानं चालायला लागला, जिभेचा जडपणा थोडा कमी झाला, हात मात्र मांडीवर पडून राहिला तो राहिलाच. बीडचे डॉक्टर म्हणाले, "आता डाव्या हाताची सवय लावा. लिहिणं, जेवणं, सगळं." विमलनं साफ नकार दिला. तिनंच वर्गातल्या कितीतरी डावऱ्या पोरांच्या बोटांतला खडू काढून उजव्या हातात दिला होता, प्रसंगी पट्टीही मारली होती. डाव्या हातानं जेवायचं म्हणजे तिला मरणाहून वाईट. मी भरवायचो. चार घास झाले की ती तोंड फिरवायची. सहा महिन्यांत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, ह्या स्वतःच्या हातानं जेवायला लागल्या नाहीत तर अशाच खंगत जातील. मन कशात तरी गुंतवा."

मग मी मोबाइल घेऊन बसलो. झाडांनी मन रमतं, असं शंभर जण सांगत होते. घरातल्या आणि अंगणातल्या झाडांसाठी कोणकोणती अवजारं अत्यावश्यक, याचे व्हिडिओ पाहिले. वहीत यादी केली, मुलांना नोट्स द्यायचो तशी, समासासकट. आणि चौदा नगांचा संच मागवला.

सोजरबाई दुसऱ्या दिवशी खरंच आली. व्हरांडा पाहिला, अंगण पाहिलं, ऊन कुठवर येतं ते पायानं मोजलं. मग खोका उघडायला लावला आणि एकेका अवजाराची उलटतपासणी सुरू केली. विमल दारातल्या खुर्चीवर बसून पाहत होती.

"ह्ये कावून आनलं?"

"हे रोप उचलून दुसऱ्या कुंडीत लावायला."

"आन् ह्ये?"

"तेही रोप लावायलाच, पण बारकं."

"आन् ह्यो काटा?"

"माती मोकळी करायला."

"आन् पाच बोटं कशाला दिल्यात?" असं म्हणून तिनं डाव्या हाताची बोटं माझ्या नाकासमोर नाचवली. "हत्यारं लई झाली की हात येडा व्हतो सर. कोनतं घ्यावं ह्येच्यातच सांज व्हती."

चौदातले तेरा नग नापास. पास झाली ती फक्त हिरव्या सुतळीची गुंडी. मग बाईसाहेबांनी आपली यादी सांगितली. घरातल्या झाडाला काय लागतं? एक सायकलची तार, एक जुना चमचा, टोपणाला भोकं पाडलेली बाटली, एक कात्री आणि एक मऊ सुती फडकं. आणि दारातल्या झाडाला? "खुरपं, बादली आन् डोळं." संपली यादी! मी वहीत चार पानं लिहिली होती.

मऊ सुती फडकं कुठून आणायचं, हा प्रश्न मला पडायच्या आत तिनं दोरीवर वाळत घातलेलं माझं बनियन ओढलं, दातानं टरकावलं आणि मनी प्लांटच्या पानांवरची धूळ पुसायला लागली. "अहो बाई, ते चांगलं होतं!" मी ओरडलो. ती म्हणाली, "चांगलंच लागतंय. फाटक्यात धागं निघत्यात, पानाला अडकत्यात." तेवढ्यात दारातून आवाज आला. विमलचं तोंड एका बाजूला वाकलेलं असल्यामुळं तिचं हसू अर्धंच उमटायचं, पण ते हसू होतं. सहा महिन्यांतलं पहिलं. बनियनचं दुःख मी तिथंच गिळलं.

त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा सोजरबाई आमच्याकडं यायला लागली आणि माझं जिणं हराम झालं. तिच्या दृष्टीनं माझी प्रत्येक गोष्ट चूक. मी सकाळी बरोबर सात वाजता पाणी घालायचो. "घड्याळ बगून तहान लागती व्हय तुमाला?" मी ओलावा मोजायचं यंत्र मागवलं. त्याचा काटा कोरड्या मातीतही 'ओली' आणि पाण्याच्या तांब्यातही 'ओली'च दाखवायचा. ती सायकलची तार कुंडीत खुपसायची, बाहेर काढून बघायची. "माती चिकाटली, तर गप बसायचं. तार कोरडी आली, तर पानी. ह्येला कावून शेल पायजे?" मी काळी माती चाळून कुंडीत भरली, तर तिनं ती पुरी कुंडी उलटी केली. काळी माती कुंडीत दगडासारखी बसते, मुळांना श्वास घेता येत नाही, हे मला माहीत होतं. मी शिकवलेलं होतं! पण माहीत असूनही मी तीच भरली होती, आणि नेमकं हेच तिनं मला सांगितलं. पुढच्या खेपेला जीपमध्ये मांडीवर पिशवी घेऊन गोदावरीची वाळू आणली. मी म्हणालो, "सोजरबाई, वाळू कुठून आणली? पकडलं असतं ना!" ती म्हणाली, "वाळूनं भरल्याली टिपरं सोडत्यात. माझी पिशवी कोन धरतंय?"

एकदा तिनं सांगितलेलं मात्र मी वहीत लिहून ठेवलं, चुपचाप. "घरातलं झाड लाडानं मरतंय सर, आन् दारातलं हयगयीनं." तेव्हा ती व्हरांड्यातल्या सडलेल्या कोरफडीकडं बघत होती, असं मला वाटलं. नंतर लक्षात आलं, तिची नजर विमलच्या ताटाकडं होती. मी भात कालवून, गोळे करून ठेवले होते.

खुरपं तेवढं ती स्वतःचं आणायची. लाकडी मूठ घामानं काळी झालेली, पातं झिजून चंद्रकोरीएवढं राहिलेलं. त्याला कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. एकदा मागितलं तर म्हणाली, "खुरपं उसनं देत न्हाईत. ज्याच्या हाताचं त्यालाच." आणि सगळं डाव्या हातानं. चहाचा कप डाव्या हातानं घ्यायची, रोप डाव्या हातानं द्यायची. विमल घरात डाव्या हाताचं नाव काढू देत नव्हती आणि ही बाई तिच्यासमोर खुशाल डाव्या हातानं बिस्कीट खात होती. मी आतल्या आत धुमसत होतो. म्हणायचो, काही रीतभात आहे की नाही?

अशात खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी अवजारं पुजतात. मी पाट मांडला, चौदा नगांचा संच पुसून त्यावर ठेवला, झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं. सोजरबाई अंगणात जास्वंदीला आळं करत होती. मी म्हणालो, "तुमचं खुरपंही आणा, पूजेत ठेवू. आज त्याला विश्रांती." तिनं मानही वर केली नाही. "जयभीमवाले आमी सर. आमी हत्यार पुजत न्हाई. वापरतो."

एक तर आधीच माझ्या नव्या कोऱ्या अवजारांची शोभा झाली होती, त्यात हे उत्तर. तरी राग गिळून मी पेढा घेऊन गेलो. तिनं नेहमीप्रमाणं मातीचा डावा हात पुढं केला. आणि माझा संयम सुटला. "सोजरबाई, निदान प्रसाद तरी उजव्या हातानं घ्या! एवढं वय झालं, कुणी शिकवलं नाही का?"

ती थांबली. माझ्याकडं बघितलं, दारातल्या विमलकडं बघितलं. "मग ठिवा तिथं," असं म्हणून तिनं कट्ट्याकडं बोट केलं आणि पुन्हा आळं करायला लागली. मी पेढा कट्ट्यावर ठेवून आलो. मला तेव्हा वाटलं, बरी जिरवली. त्या दिवशी विमल माझ्या हातचा एकही घास जेवली नाही. जिभेला चव नसेल, अशी मी समजूत करून घेतली.

दुसऱ्या दिवशी दसरा, वारही तिचा नव्हता, तरी ती आली. मी मनात म्हणालो, बहुतेक भांडायला आली. ती भांडली नाही. विमलजवळ जमिनीवर बसून काहीतरी कुजबुजत होती. मी बाहेर आलो तर माझ्या हिरव्या सुतळीचे दोन चांगले लांब तुकडे कापलेले. एक विमलच्या डाव्या तळहाताभोवती गुंडाळलेला! "हा काय खेळ चाललाय?" मी म्हणालो. "सुतळी वेलासाठी आणलीय, वाया घालवू नका." सोजरबाईनं तुकडे पदराच्या गाठीत बांधले आणि निघून गेली. विमल माझ्याकडं असं बघत होती, जसं वर्गात उत्तर चुकलेल्या पोराकडं बघायची.

त्यानंतर दोनएक आठवड्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, सोजरबाई नळावर पाय धुवायला गेली आणि तिचं खुरपं कढीपत्त्याच्या आळ्यात राहिलं. आळ्यात हरळी माजली होती. मी म्हटलं, आपणच काढू, एवढं काय त्यात! खुरपं उजव्या हातात घेतलं, डाव्या हातानं हरळीचा झुबका धरला आणि ओढलं. पातं मातीत घुसेचना. उलटंच वळायचं. जोर लावला, तसं ते सटकलं आणि डाव्या अंगठ्यावर आलं. रक्ताची धार लागली.

ती धावत आली. "आवं, ते डावरं हाय सर! त्येचं पातं उलट्या अंगाला वळिवलंय. तुमच्या हाताला कसं चालंल?" तिनं खांद्यावरचा पदर सोडला, त्याची चिंधी फाडली आणि माझा अंगठा आवळून बांधायला लागली. बांधायला दोन हात लागतात. तेव्हा तिचा उजवा हात मी पहिल्यांदा बघितला. त्याला अंगठा होता आणि करंगळी होती. मधली तीन बोटं मुळापासून नव्हती.

चार महिने ही बाई माझ्या अंगणात वावरत होती. पानाच्या शिरा बघून मी झाड ओळखतो, आणि माणसाचा हात मला दिसला नाही. मी विमलकडं पाहिलं. ती जड जिभेनं, सावकाश म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी दिसलं."

कढीपत्त्याखाली बसूनच सोजरबाईनं सांगितलं, ते अगदी बाजारभाव सांगावा तसं. ऐन तरुणपणी एकाच्या गोठ्यावर कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गेला. जखम भरली, तोवर खुरपणी सुरू झाली होती. "बोटं गेली म्हनून रान थांबतंय व्हय? डाव्या हातात धरलं खुरपं. बायका आपापली पात, आपापली वळ, खुरपत म्होरं जायच्या, माझी पात मागं. हसायच्या समद्या. मग लोहाराला म्हनलं, मला उलटं करून दे. त्यो म्हनला, आसं कुटं आसतंय व्हय? म्हनलं, नसंल तर कर. एक हंगाम गेला. दुसऱ्या हंगामात माझी पात म्होरं."

"पण तुम्ही हात झाकून का ठेवता?" मी विचारलं.

"हात दावला की लोक काम देत न्हाईत सर. कीव देत्यात."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी म्हणालो, "सोजरबाई, त्या दिवशी मी तुम्हाला प्रसादावरून..." तिनं गाठ घट्ट मारली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्यो पेढा मुंग्यांनी खाल्ला." आणि उठून उरलेली हरळी काढायला लागली. माफीसुद्धा धड मागू दिली नाही त्या बाईनं.

त्या संध्याकाळी विमल म्हणाली, "मला डावरं खुरपं हवं." झटका आल्यापासून तिनं काही मागितलं, ते हे पहिलं. मी ताबडतोब मोबाइल काढला. डावखुऱ्यांसाठीची कात्री सापडली, बॅट सापडली, कॅन ओपनर सापडला. खुरपं कुठंच नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी अंगठ्याला चिंधी तशीच, मी बाजारातल्या लोहाराकडं गेलो. म्हणालो, "एक खुरपं करून द्या, डाव्या हाताचं." तो भात्यामागून म्हणाला, "माप?" माझ्याकडं कुठलं माप! त्यानं माझ्याकडं जरा निरखून बघितलं. "तुमी मास्तरीणबाईचे सर का? तुमचं तयार हाय की. सोजरबाई दोरी देऊन गेलती. मूठ बारीक करा म्हनली, बाईचा हात सुकलाय." खुंटीवर खुरपं टांगलेलं होतं, आणि त्याच्या मुठीला माझ्या हिरव्या सुतळीचा तुकडा.

"कधी दिली दोरी?" मी विचारलं.

"दसऱ्याला."

म्हणजे मी तिला रीतभात शिकवली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. ती वार नसताना आली होती, ते ह्यासाठी. मी खुरपं घेतलं आणि तडक घरी निघालो. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता. आधी सांगायला हिचं काय जात होतं!

विमलच्या हाती खुरपं आलं आणि आमच्या बागेवर संक्रांत आली. पहिल्या दिवशी मोगऱ्याचं मूळ तुटलं. दुसऱ्या दिवशी गवत राहिलं आणि झेंडू उपटला. ती दर वेळी खुरपं टाकून रडायची. मी म्हणायचो, राहू दे विमल, दमलीस. सोजरबाई माझ्यावर खेकसायची, "तुमी आत जा बरं!" आणि एकदा विमलला म्हणाली, "बाई, डावऱ्या पोरांला तुमी पट्टी मारायच्या म्हनं. आता म्या मारू का?" विमलनं चमकून पाहिलं. मला वाटलं, आता भडका उडणार. विमल म्हणाली, "मार. त्या पोरांना किती लागलं असेल, ते तरी कळेल." आणि दोघी हसायला लागल्या. मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी विमलनं खुरपं टाकलं नाही.

संक्रांतीनंतरची गोष्ट. दुपारी मी ताट वाढून, भाजीत भाकरी कुस्करून अंगणात आणलं. सोजरबाई कढीपत्त्याखाली आपली शिदोरी सोडून बसली होती, भाकरी आणि ठेचा. समोर विमल. सोजरबाईनं दोन बोटांच्या हाताचं मनगट भाकरीवर दाबलं आणि डाव्या हातानं तुकडा मोडला. विमल बघत होती. मग तिनं डाव्या हातानं आपला लुळा उजवा हात उचलला, सोजरबाईच्याच भाकरीवर वजनासारखा ठेवला आणि डाव्या हातानं ओढलं. तुकडा वेडावाकडा मोडला. ठेच्याला लावला. तोंडात घातला.

मी ताट घेऊन तसाच उभा. डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं. आणि ही बाई काय म्हणाली असेल? "सर, उबं कावून ऱ्हायलात? ऊन आडतंय. ताट ठिवा आन् जावा."

मी आत जाऊन स्वयंपाकघरात रडलो. भाकरी अर्ध्याहून जास्त विमलनंच खाल्ली होती. सोजरबाई उपाशी गेली असणार, हे माझ्या ध्यानात संध्याकाळी आलं.

उन्हाळ्यात तिचं येणं कमी झालं. जीपचं ऊन सोसत नाही म्हणायची. मग दोन बाजार ती दिसली नाही. तिसऱ्या बाजाराला तिची जागा रिकामी होती, आणि मी विचारायच्या आत लसूणवाल्यानं सांगितलं, "सोजरबाई गेल्या सर. ताप आलता. चार दिवसांत खेळ संपला." आम्ही दोघं चकलांब्याला गेलो. पत्र्याचं घर, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, दारात तेलाच्या डब्यांत ओळीनं रोपं. कुणीतरी त्यांना रोज पाणी घालत होतं. तिचा मुलगा म्हणाला, "आईचं खुरपं हाय. तुमाला लई जीव लावायची. न्या." माझा हात पुढं झालाही होता. विमल म्हणाली, "नको. ते तिच्या हाताचं आहे." घरी आल्यावर तार घेऊन एकेका कुंडीतली माती बघत राहिली.

यंदा पुन्हा खंडेनवमी आली. चौदा नगांचा संच मी केव्हाच कुणाला तरी देऊन टाकला होता. पाटावर काय ठेवायचं? विमलचं खुरपं आणलं. धुतलं, पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. सोजरबाईची फार आठवण येत होती, खोटं कशाला सांगू. डोळे मिटून हात जोडले. उघडून बघतो तर पाट रिकामा.

विमल खुरपं घेऊन निघाली होती. चालता चालता त्याचं कुंकू पातळाला पुसत होती. चांगल्या पातळाला! "अगं विमल," मी म्हणालो, "आजचा एक दिवस तरी! आज हत्याराला विश्रांती असते."

पस्तीस वर्षं पोरांचं 'हाय-न्हाई' खोडून 'आहे-नाही' करणारी माझी बायको दारात थांबली. जड जिभेनं, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आमी हत्यार पुजत न्हाई. वापरतो."

मी डोक्याला हात लावून बसलो. ती जास्वंदीचं आळं करून आली, पाटाजवळ वाकली, ताटातला पेढा उचलला आणि मातीनं भरलेला डावा हात माझ्यापुढं धरला. निदान हात तरी धुऊन ये, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी तोंड उघडलं आणि तिनं पेढा भरवला.